क्यूटकॉममध्ये विचित्र चिन्हं दिसतात आणि एटी कमांडला उत्तर येत नाही

तुम्ही ईएसपी८२६६ या वायफाय चिपचा बोर्ड यूएसबी-सीरियल अडॅप्टरला जोडलाय, क्यूटकॉम या सीरियल टर्मिनल प्रोग्रॅमच्या स्क्रीनवर कचरा उमटतो आणि एटी (बोर्ड जागा आहे का हे विचारणारी साधी कमांड) पाठवलं तर शांतता. हे दोन वेगळे घोटाळे आहेत, एकदम सोडवायला जाऊ नका.

मी सुरुवात बोर्ड बाजूला ठेवून करतो. अडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिना जंपर वायरने एकमेकींना जोडा, लोकल इको (टाइप केलेलं प्रोग्रॅमनेच स्क्रीनवर दाखवणं) बंद ठेवा आणि एटी पाठवा. तेच परत आलं तर अडॅप्टर आणि ड्रायव्हर शाबूत. आता हेक्स आउटपुट (अक्षरांऐवजी त्यांचे सोळा-आधारी आकडे) चालू करून पुन्हा पाठवा. ‘४१ ५४ ०ए’ दिसलं की तुमच्या शांततेचं कारण सापडलं: ओळ संपल्याच्या खुणांपैकी शेवटी फक्त एलएफ (०ए) जातंय. या बोर्डच्या एटी फर्मवेअरला सीआर (०डी) आणि एलएफ दोन्ही लागतात, म्हणजे ‘४१ ५४ ०डी ०ए’. क्यूटकॉममध्ये टाइप करायच्या जागेजवळच लाइन एंडची यादी आहे, तिथून बदला.

आता कचरा. बोर्ड सुरू होतानाच्या चार-दोन ओळी विस्कटलेल्या आणि पुढचं सगळं स्वच्छ असेल तर काहीच बिघडलेलं नाही. २६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर या चिपचा बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) ७४८८० बॉडने, म्हणजे त्या वेगाने, बोलतो, फर्मवेअर बहुधा ११५२०० ने. सगळंच विस्कटत असेल तर ११५२००, मग ९६०० लावून बघा. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. तरीही फरक नाही? मग ग्राउंडची वायर तपासा. दोन्हीकडचं ग्राउंड जोडलेलं नसेल तर कुठलाही बॉड रेट उपयोगाचा नाही. टीएक्स-आरएक्सची जोडणी अदलाबदल करून हवी, अडॅप्टरचा टीएक्स बोर्डच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला.

फ्लो कंट्रोल (डेटा कधी पाठवायचा हे ठरवणारी सेटिंग) ‘नन’ ठेवा. तीनच वायरी असताना हार्डवेअर फ्लो कंट्रोल लावलं की सीटीएसची (समोरून येणाऱ्या ‘पाठव’ या सिग्नलची) वाट बघत डेटा अडकून बसतो.

अडॅप्टरवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असतो, तो ३.३ वर हवा. पण काही स्वस्त अडॅप्टरवर तो जंपर फक्त व्हीसीसी (वीजपुरवठ्याची पिन) बदलतो, टीएक्स ५ व्होल्टवरच राहतो. मल्टिमीटरने एकदा मोजाच. आरएस२३२ चं (जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टचं) नऊ पिनांचं अडॅप्टर तर थेट लावूच नका, त्यात सिग्नल उलटा असतो आणि व्होल्टेज चिप जाळण्याइतकं.

लिनक्सवर पोर्ट उघडताना परवानगी नाकारली तर स्वतःला डायलआउट या युजर गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. पोर्ट ‘बिझी’ म्हणत असेल तर दुसऱ्या खिडकीत आर्डुइनोचा सीरियल मॉनिटर उघडा राहिलाय का बघा.