कामात मनच लागत नाहीये: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळचे बरेच प्रश्न फिरून फिरून एकाच वाक्यावर येतात, "कामात मनच लागत नाही". पण नीट वाचलं की कळतं, प्रत्येकाचं मन वेगळ्याच जागी अडकलंय, कुणाचं अपमानात, कुणाचं थकव्यात, कुणाचं पैशात. त्यामुळे सगळ्यांना एकच काढा पाजण्यात अर्थ नाही.

प्रश्न: तीन वर्षं मान मोडून काम केलं आणि प्रमोशन माझ्यानंतर आलेल्याला मिळालं. तेव्हापासून सांगितलं तेवढंच करतो, तेही ढकलत. जोश परत कसा आणू?

मला तर वाचताना वाटलं की तुमच्या मनाने नोटीस न देता संप पुकारलाय. आणि संप आहे म्हटल्यावर मागण्या काय ते तरी कागदावर लिहायला हवं ना? पद हवं होतं, पगार हवा होता, की चार लोकांत कुणीतरी "हे याने केलं" म्हणायला हवं होतं? तिन्हीवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि बहुतेक लोक हे न ठरवताच महिनोन्महिने कुढत बसतात.

दुसरं जरा सविस्तर सांगते. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (आज वाचताना अंगावर काटा येतो). काही कुत्र्यांना असे शॉक दिले की त्यांनी काहीही केलं तरी ते थांबायचे नाहीत, मग त्यांना दुसऱ्या पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती, तरी त्यातले बरेचसे तिथेच पडून राहिले. पुढे कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलं की असहायपणा अनुभवाने अंगवळणी पडतो. गंमत म्हणजे २०१६ मध्ये त्याच दोघांनी स्वतःचा सिद्धांत उलटा केला. त्रास लांबला की हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मूळचीच सवय आहे, शिकावं लागतं ते "मी काही केलं तर फरक पडतो" हे, असं ते आता म्हणतात.

तुम्हाला सध्या तेच शिकायचंय, आणि ते छोट्या पुराव्यांनीच शिकता येतं. म्हणून बॉसकडे वेळ मागा, पण "मला का नाही दिलं" असं विचारू नका, त्यावर तो स्वतःचा बचावच करणार. "पुढच्या वेळी माझं नाव जायचं असेल तर माझ्या कामात कुठल्या दोन गोष्टी दिसायला हव्यात?" असं विचारा आणि जे सांगेल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा. नेमकं उत्तर मिळालं तर कामाला लागा. दोनदा विचारूनही "बघू, करू" असंच आलं तर बायोडेटा अपडेट करायला घ्या, नोकरी सोडायची नसली तरी घ्या, कारण ही एक गोष्ट पूर्ण तुमच्या हातात आहे.

प्रश्न: मी सकाळी मोटिव्हेशनल व्हिडिओ बघते, दोन तास भारी वाटतं, मग परत फुस्स. काय चुकतंय?

क्रम चुकतोय. तुम्ही आधी मूड आणि मग काम असं धरून चाललाय. डिप्रेशनच्या उपचारात एक पद्धत वापरतात, त्यात पेशंटला इच्छा व्हायची वाट बघू देत नाहीत, आधी छोटीशी कृती ठरवून करायला लावतात आणि मूड मागून येतो, रोज नाही पण बऱ्याचदा येतो. त्यामुळे "आज फोडून टाकायचं" वगैरे राहू द्या, "चहाचा कप खाली ठेवला की ती फाइल उघडून पहिल्या तीन ओळी लिहायच्या" इतकं बारीक ठरवा. अमुक झालं की तमुक करायचं, अशा ठरावांवर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय आणि नुसत्या "मी करणारच" पेक्षा ते जास्त टिकतात. व्हिडिओ संध्याकाळी बघा, करमणूक म्हणून.

प्रश्न: ड्रॉइंग माझा जीव की प्राण होतं. आता त्याचेच पैसे मिळतात, आणि पेन हातात घ्यावंसं वाटत नाही. मी कृतघ्न आहे का?

अजिबात नाही हो, हे भल्याभल्यांचं होतं. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, एका गटाला मध्ये एका फेरीत प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढच्या फेरीत तो बंद केला. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं कोड्याला पूर्वीपेक्षा कमी हात लावायला लागली. पण त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात पैशाऐवजी तोंडी कौतुक झालेल्या मुलांचा रस काही असा उतरला नाही, हे लोक सांगायला विसरतात. म्हणजे पैसा वाईट असं नाही, "हे मी माझ्या मर्जीने करतोय" ही भावना गेली की मजा जाते.

तेव्हा आठवड्यातून एक चित्र असं काढा जे क्लायंटला दाखवायचं नाही, विकायचं नाही, कुठे टाकायचंही नाही, बिघडलं तरी चालेल. आणि पैशाच्या कामात एक कोपरा मागून घ्या, रंग तुम्ही ठरवणार किंवा पहिला ड्राफ्ट तुमच्या डोक्याने होणार, असं काहीतरी. सगळे क्लायंट ऐकणार नाहीत, एखादा ऐकेल.

प्रश्न: मी टीम लीड आहे. आठ महिने चाललेला प्रोजेक्ट अचानक बंद केला, पोरं खचलीत. बाहेरून स्पीकर बोलावून सेशन ठेवू का?

नका ठेवू. ज्याचं काम कचऱ्यात गेलंय त्याला टाळ्या वाजवायला लावणं म्हणजे जखमेवर मीठ.

टेरेसा अमाबिले या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ लोकांच्या रोजच्या नोंदी गोळा केल्या, जवळजवळ १२,००० नोंदी. ज्या दिवशी लोक सगळ्यात खुश होते त्यातल्या ७६ टक्के दिवशी काम थोडं का होईना पुढे सरकलं होतं, आणि सगळ्यात वाईट दिवसांपैकी ६७ टक्के दिवशी कामाला खीळ बसली होती. बोनस नाही, पार्टी नाही, काम सरकणं! तुमच्या पोरांचं तर आठ महिन्यांचं सरकलेलं एका मेलने शून्य झालंय.

आधी प्रोजेक्ट का बंद झाला ते खरं सांगा, तुम्हालाही पूर्ण माहीत नसेल तर तसं सांगा. मग एक तास बसून त्यातलं काय वाचवता येईल त्याची यादी करा, कोड, डिझाइन, शिकलेल्या चुका, ओळखी, काहीही, आणि कुणी काय केलं होतं ते नावानिशी लिहा. नंतर लगेच मोठा प्रोजेक्ट माथी मारू नका, दोन आठवड्यांत संपेल आणि कुणीतरी खरंच वापरेल असं काम द्या. एखादा चिडला तर चिडू द्या, मला विचाराल तर गप्प झालेल्याची काळजी जास्त करा.

प्रश्न: ताई, दहा दिवस सुट्टी घेऊन आलो, दुसऱ्या दिवशी परत तेच. झोपूनही थकवा जात नाही, लोकांशी तुसड्यासारखा वागतो. हा बर्नआउट का?

असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली त्यात तीन खुणा आहेत, शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हटलंय. म्हणूनच सुट्टी पुरत नाही, तुम्ही परतता तेव्हा तोच ढीग आणि तेच फोन वाट बघत असतात. कामातली कुठली एक गोष्ट कमी होऊ शकते हे वरिष्ठांशी बोलावंच लागेल.

पण आधी डॉक्टरकडे जा. थायरॉइड, कमी झालेलं हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडकणं, यातलं काहीही असंच थकवतं आणि आपण उगाच नोकरीला शिव्या देतो. दोन आठवडे जवळपास रोज मन उदास असेल आणि घरच्या, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल तर ते डिप्रेशन असू शकतं, त्यावर उपचार आहेत. आणि जगणंच नको असं मनात आलं तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. जाताना झोप, भूक, चिडचिड कधीपासून ते चार ओळींत लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर बसलं की आपल्या तोंडून हमखास "तसं बरंय हो" असंच निघतं.