वाचक विचारतात : बेसबॉलचा आऊटफिल्डर

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा आहे. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट कीपरच्या हातात फेकतो. शाळेच्या बेसबॉल संघात त्याला सेंटर फील्डला उभा करतात. यात करिअर होतं का?
– एक पालक, कसबा बावडा

फेक चांगली आहे, ही पाचातली एक गोष्ट झाली. अमेरिकी स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारे, आऊटफिल्डरच्या (मैदानाच्या मागच्या भागात उभे राहणारे लेफ्ट, सेंटर आणि राईट असे तिघे) पाच बाजू तपासतात : बॅटला चेंडू लागतो का, लांब जातो का, पळतो कसा, झेल आणि अडवणं, मग फेक. प्रत्येकाला 20 ते 80 गुण, 50 म्हणजे सरासरी. लेफ्ट आणि राईट फील्डरला फटकेबाजीवरच जागा मिळते. सेंटरवाल्याला पळण्यामुळे थोडी सवलत असते, इतकंच. म्हणून मुलाची फेक बाजूला ठेवून आधी त्याची बॅट बघा.

क्रिकेटमधून आलेली मुलं नेमकी तिथे अडतात. पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, 18.44 मीटरवरून टाकतो. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू टप्पा न पडता साधारण 0.4 सेकंदात येतो. बॅट गोल, जाडी जास्तीत जास्त 6.6 सेंटिमीटर. लेट कट, लेग ग्लान्स हे हुकमी फटके इथे फाऊल, म्हणजे रेषेबाहेर जातात आणि पहिले दोन फाऊल स्ट्राईक म्हणून मोजले जातात; तीन स्ट्राईकला फलंदाज बाद. आठवड्यातून चार दिवस टी-वर (चेंडू ठेवायचा उभा दांडा) ठेवलेले 100 चेंडू समोरच्या 90 अंशांत मारायची सवय लावा.

मेजर लीग ही अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोतल्या खेळाडूंसाठी आहे. भारतातला मुलगा क्लबशी थेट करार करतो. त्यानंतर रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या. वर 26 जणांचा संघ, हंगामात 162 सामने. 2023 मध्ये ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन 35,800 डॉलर होतं, मेजर लीगचं 7,20,000. मधली दरी तुम्हीच बघा. इचिरो सुझुकी जपानमध्ये नऊ हंगाम खेळून 2001 मध्ये सिॲटलला राईट फील्डर झाला तेव्हा 27 वर्षांचा होता. 2008 मध्ये पिट्सबर्गने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल दोघेही भालाफेकीतले, आणि दोघांनाही घेतलं ते पिचर म्हणून. नुसत्या हातावर पिचर होता येतं, आऊटफिल्डर नाही. मुलाची बॅट वर्षभरात सुधारली नाही, तर पिचिंगचा विचार जरूर करा.

घरचा हिशेबही मांडून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक स्पर्धा त्यात बसत नाही. खेळायला जाण्याआधीच क्रीडा कार्यालयात विचारा आणि प्रमाणपत्रं वेळेत पडताळून घ्या. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

प्रश्न : माझ्या डोक्यावरून चेंडू जातो. वेग कमी नाही, तरी पोहोचत नाही.
– एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

तू बहुधा मागे-मागे पळतोस, तोंड समोर ठेवून. तसं पळताना डोकं हलतं आणि चेंडू हवेत उड्या मारल्यासारखा दिसतो. चेंडू उजव्या खांद्यावरून जाणार असेल, तर उजवा पाय मागे टाकून कंबर वळव, पाठ फिरवून पळ आणि मान वळवून खांद्यावरून बघ. डावीकडे याच्या उलट. जोडीदार पाच मीटरवर उभा राहून हाताने दिशा दाखवेल. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा नुसतं पाऊल. मग 25 मीटरवर चेंडू टाकून तेच. टाचा आपटल्या की नजर हलते, चवड्यांवर पळ. ग्लोव्ह शेवटच्या दोन पावलांतच लांबव, आधीपासून हात पुढे धरलास तर वेग जातो.

सगळ्यात फसवा चेंडू म्हणजे थेट तुझ्यावर येणारा सपाट फटका. बाजूने जाणाऱ्या चेंडूचं अंतर कळतं, समोरच्याचं कळत नाही. क्षणभर थांब, पुढे धावू नकोस. पुढचा चेंडू निदान समोर पडतो, मागे गेलेला कुंपणाला लागतो. उंच झेलाला पडायच्या जागेच्या दोन पावलं मागे पोहोच आणि पुढे येत फेकणाऱ्या हाताच्या खांद्यासमोर घे, म्हणजे लगेच फेकता येतं. दोघे धावत असाल तर हाक सेंटर फील्डरची, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं.

प्रश्न : लांबून फेकलेला चेंडू बेसपासून वळून जातो. आता कोपरही दुखतं.
– एक खेळाडू, इचलकरंजी

क्रिकेटची आडवी फेक सोडा. कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली गेलं की चेंडूला बाजूची फिरकी मिळते. दोन बोटं चेंडूवरच्या घोड्याच्या नालेसारख्या टाक्यांवर आडवी ठेवा, मनगट चेंडूच्या मागे. थेट बेसवर मारू नका; मध्ये उभ्या सहकाऱ्याच्या डोक्याच्या उंचीने फेका, तो सोडून देईल तर बेसच्या तीन-चार मीटर आधी एक टप्पा पडावा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर फेक आजच बंद आणि अस्थितज्ज्ञाला दाखवा. सतरा-अठराच्या आत हाडाच्या वाढीच्या जागेलाच इजा होते. मालिश करून खेळत राहण्यातली हुशारी नडते.

प्रश्न : पावसाळ्यात ग्लोव्हला बुरशी आली.
– राजारामपुरी

कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर चामड्याला सोसत नाही. ओला ग्लोव्ह उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. कोरड्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्र कोंबा, सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा, मग अगदी थोडं तेल. जास्त तेल लावलं तर ग्लोव्ह जड आणि लुळा होतो. आऊटफिल्डसाठी 12.5 ते 12.75 इंचांचा घ्या. बोटांमधली वादी तुटली तर नवा घ्यायची गरज नाही. कोल्हापुरी चपला करणारा कारागीर तेवढ्याच रुंदीची वादी ओवून देईल, फक्त जुनी कशी ओवली होती त्याचा फोटो काढून न्या.

प्रश्न : मी डावखुरा आहे, कुठे उभा राहू?
– गडहिंग्लज

आऊटफिल्ड, फर्स्ट बेस किंवा पिचर. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), सेकंड आणि थर्ड बेसला डावखुऱ्याला फर्स्टकडे फेकण्यासाठी आधी अंग फिरवावं लागतं, तेवढ्यात धावणारा पोहोचतो.