खुर्चीचा पाय

प्रिय मित्रा,

परवा तालीम संपल्यावर तू चपला अडकवून सरळ जिना उतरलास. सगळ्यांसमोर मी 'आवाज कमी कर' म्हणालो, ते लागलं असणार. परळ स्टेशनच्या पुलावरच्या रेटारेटीत हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहून पाठवतोय.

आर्थर मिलरच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'मधला तुझा एडी कार्बोन, तो गोदी कामगार, पहिल्या प्रवेशापासूनच पेटलेला असतो. छाती पुढे, मुठी वळलेल्या. 'पुरुषी अहंकार दाखवायचाय' असं तू म्हणालास. अरे, तो दाखवावा लागत नाही, नटाच्या अंगात आधीपासून असतोच. पडदा उघडतो तेव्हा एडी रागावलेला नाहीच, तो खूश आहे. बायको बिएट्रिसचे दोन चुलतभाऊ, मार्को आणि रोडॉल्फो, इटलीहून चोरून येतायत. त्यांना आपल्या घरात लपवून ठेवायचं, खायला-प्यायला घालायचं, गोदीत कामाला लावून द्यायचं यात त्याला मान वाटतो. रेड हुकच्या धक्क्यावर रोज सकाळी मुकादमासमोर अर्धगोल करून उभं राहायचं, तो बोट दाखवेल त्याला काम. न्यूयॉर्क बंदरातली ही पद्धत १९५३ साली बंद झाली, तोवर पिढ्यान् पिढ्या हेच चाललं. बाहेर दुसऱ्याच्या बोटावर जगणारा माणूस घरात मात्र देणारा असतो. ही यजमानाची भूमिका आहे, पैलवानाची नाही. पहिली वीस मिनिटं तू फक्त यजमान हो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझे बाबा गोदीत होते. माझगावला चाळीत दहा बाय बाराची खोली, आणि गावाहून कुणी ना कुणी कायम आलेलं. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, ट्रंक घेऊन आमच्याकडे. बाबा पाहुण्याला स्वतःचं अंथरूण द्यायचे आणि आपण गॅलरीत झोपायचे. त्या दिवसांत त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. मग एकदा त्यांचा मावसभाऊ आला. गावी दशावतारात स्त्रीपार्ट करायचा. जत्रेला बाबाच पुढे बसून त्याच्या पदाला 'वा' म्हणायचे, रात्र रात्र. तोच माणूस आमच्या मोरीपाशी आरसा टेकवून केस विंचरताना गुणगुणायला लागला आणि आई हसली, तेव्हा बाबांचा आवाज बदलला. 'माझ्या घरात ह्यां चालूचां नाय.' काय चालायचं नाही, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं.

एडीचं नेमकं हेच आहे. रोडॉल्फो गातो, स्वयंपाक करतो, कपडे शिवतो, सोनेरी केसांचा आहे. 'हा पोरगा सरळ नाही' एवढंच एडी पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. तू त्या वाक्यांवर प्रेक्षकांकडे बघून हशा घेतोस. घेऊ नकोस. बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकणाऱ्या लोकांची आपण नातवंडं. बाईसारखा गाणारा पुरुष आपल्याला रंगमंचावर कधीच खुपला नाही, खुपतो तो घरात. आणि तोही पोरीला आवडला की. कॅथरीन बिएट्रिसची भाची, एडीने लहानपणापासून वाढवलेली. तिच्यावर त्याचा जीव कसा आहे हे त्याने स्वतःला विचारलेलं नाही. एडीच्या संवादांवर पेन्सिलने खुणा करत जा. 'मला हवंय' असं तो किती वेळा म्हणतो? शेवट सोडला तर जवळजवळ सगळी वाक्यं दुसऱ्याबद्दल आहेत: तो असा, ती लहान, लोक काय म्हणतील. ज्या माणसाला स्वतःसाठी एक वाक्य बोलता येत नाही, तो तुला करायचाय. त्याला तू आवाज दिलास, म्हणजे त्याच्यापाशी जे नाही तेच दिलंस.

तुमच्यातल्या एकाने सुचवलंय की सगळं कोकणात आणि लालबागमध्ये आणूया, प्रेक्षकांना जवळचं वाटेल. मला मोह पडला होता, पण नको. कोकणातून आलेल्या माणसाला भाऊच्या धक्क्यावर कुणी पासपोर्ट विचारत नव्हतं. या नाटकाचा सगळा पीळ कायद्यात आहे. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने इटालियनांचा कोटा अगदी आवळला होता, म्हणून मार्को आणि रोडॉल्फो चोरून येतात, म्हणून एडीच्या हातात एक फोन येतो, इमिग्रेशनवाल्यांना खबर देणारा. तो फोन काढून घेतलास तर उरेल भाऊबंदकी. भाषांतरच ठेवा, नावंही तीच ठेवा. माझगावचा हमाल काय, रेड हुकचा काय, पाठ तशीच वाकते. प्रेक्षकांना कळतं.

आता तो चुंबनाचा प्रवेश. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या भीतीने तुम्ही तिथे थप्पड घातलीय असं ऐकलं. १९५६ साली लंडनमध्ये नाटकांना परवाना देणाऱ्या लॉर्ड चेंबरलेनने याच जागेवर अडवलं होतं. मग दिग्दर्शक पीटर ब्रूकने प्रयोग कॉमेडी थिएटरमध्ये केला, पण 'क्लब'चा म्हणून. प्रेक्षकांनी सभासद व्हायचं आणि नाटक बघायचं. एवढा खटाटोप का केला असेल? थप्पड दोन मर्दांची असते, तिच्यात बरोबरी असते. एडीला बरोबरी नकोय. दारू पिऊन आलेला तो कॅथरीनचं चुंबन घेतो आणि मग रोडॉल्फोचे हात धरून त्याचंही, तिच्यासमोर, 'बघ हा काय आहे' म्हणून. आणि त्या एका क्षणात तो काय आहे हेच सगळ्यांना दिसतं. चुंबन खरंच जमणार नसेल तर जबडा धरून चेहरा चेहऱ्याजवळ नेऊन थांब, खूप वेळ थांब. थप्पड मात्र काढ.

फोनचा प्रवेश तू उभा राहून, घाम पुसत, पार्श्वसंगीतासह करतोस. माझ्या मते तो जवळजवळ दिसूच नये. पाठ प्रेक्षकांकडे, पत्ता हळू आवाजात, रेशन दुकानात कार्डाचा नंबर सांगावा तसा. मिलरला १९५६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने विचारलं होतं, कम्युनिस्ट लेखकांच्या बैठकांना कोण कोण होतं ते सांगा. त्याने नावं सांगितली नाहीत. खबऱ्यांच्या विरुद्ध उभा राहिलेला लेखक, आणि नाटकाच्या मध्यभागी त्याने खबऱ्यालाच बसवलं, तेही असा की आपल्याला त्याची दया यावी. खलनायक हवा असता तर तो त्याला सहज लिहिता आला असता. सुरुवातीला एडी आणि बिएट्रिसच विनी बोल्झानोची गोष्ट सांगतात, स्वतःच्या मामाची खबर देणाऱ्या पोराची. बाप आणि भाऊ त्याला जिन्यावरून ओढत रस्त्यावर आणतात, त्याच्यावर थुंकतात. ती गोष्ट सांगताना तुला खरोखर किळस यायला हवी. त्याच जिन्यावरून पुढे तू उतरणार आहेस हे नटाला माहीत असतं, एडीला नसतं.

शेवटी तो मार्कोकडे आपलं नाव परत मागतो. इंग्रजीत ते वाक्य ताकदीचं आहे, पण मला विचारशील तर मराठीत जास्त लागतं. आपण नाव काढतो, नाव घालवतो, नाव ठेवतो, नाव टाकतो. सगळ्या गल्लीसमोर ज्याच्या तोंडावर थुंकलं गेलंय तो माणूस म्हणतोय, माझं नाव दे. इथे ओरडलास तर हरकत नाही. दोन तास जपून ठेवलेला आवाज इथे खर्च कर.

बिएट्रिस करणाऱ्या मुलीला माझा निरोप दे. 'मी पुन्हा तुझी बायको कधी होणार' हे वाक्य ती रडत म्हणते. भांडी आवरता आवरता म्हण, म्हणावं. एवढंच.

राहिली खुर्ची. पहिल्या अंकाच्या शेवटी एडी बॉक्सिंग शिकवायच्या निमित्ताने रोडॉल्फोला ठोसा लगावतो, आणि मग मार्को, जो आत्तापर्यंत एडीशी अदबीनेच बोललेला आहे, एडीला विचारतो, ही खुर्ची एका पायाला धरून उचलता येईल? एडीला येत नाही. मार्को उचलतो, हळूहळू, थेट एडीच्या डोक्यावर. शब्दांत भांडण झालेलंच नाही आणि घराचा मालक बदललाय. तुम्ही डेकोरेटरकडची घडीची लोखंडी खुर्ची वापरता. ती शाळकरी पोरही उचलेल, मग तुला खोटं धापा टाकणं आलंच. तसलं काही करू नकोस. खरंच प्रयत्न कर आणि खरंच हर.

माझ्याकडे बाबांची सागवानी खुर्ची आहे, त्यांना निवृत्तीला मिळालेली. शनिवारी येऊन घेऊन जा. टॅक्सीच्या टपावर बांधावी लागेल, दोरी घेऊन ये. आणि घरी करून बघशील तर पाय अगदी तळाशी पकड. वर धरलीस तर ती कुणालाही उचलता येते.

तुझा,
तालमीतला म्हातारा