पहिल्यांदा सोमनाथच्या छावणीला निघालायस म्हणून

सोमनाथ म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं, मूल तालुक्यातलं. बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी तिथे मे महिन्यात भरते. विदर्भातलं ऊन असतं, पारा 45 च्या आसपास. त्यामुळे सुती कपडे, टोपी, उपरणं आणि पाण्याची मोठी बाटली घे. बाकी सामान कमीच बरं.

श्रमदान सकाळी उन्हं चढायच्या आत. पहिल्या दिवशी कुदळ घट्ट आवळून धरू नकोस, तळहाताला फोड येतात. मला आले होते. शेजारच्या अनोळखी मुलीने काही न विचारता माझी कुदळ घेतली आणि मला घमेली उचलायच्या रांगेत उभं केलं. पुढारीपण म्हणजे भाषण, ही माझी समजूत तिथेच गळाली.

ज्यांनी हा परिसर उभा केला, त्या कुष्ठमुक्त माणसांशी निवांत बोल. बोटं झडलेल्या हातांनी पिकवलेलं शेत पाहिलं की 'माझ्याच्याने होणार नाही' म्हणताना जीभ अडखळते. माझी अजून अडखळते.

आणि रात्री गाणी सुरू झाली की मागे बसू नकोस हं, सूर नसला तरी चालतो.