रोडकिंग नव्हे, हप्ता महाग पडतोय

सातारच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 43, एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, हातात महिन्याला 62,000. पत्नी घर सांभाळतात, मुलगा 15चा, मुलगी 10ची. घराचं 14 लाखांचं कर्ज बाकी, बँकेत 5 लाखांची एफडी. दिवंगत वडिलांची 1984ची येझदी रोडकिंग मोटरसायकल गोठ्याशेजारच्या शेडमध्ये बारा वर्षं उभी आहे. ती पूर्ववत करायला मिस्त्रीने 1 लाख 60 हजार सांगितलेत. शिवाय एक जुनी यामाहा आरएक्स 100 नव्वद हजारांत मिळतेय, तीही सजवून विकायचा विचार आहे. प्रश्न असा : 'या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे भाव पाच वर्षांत दुप्पट होतात म्हणे. गुंतवणूक म्हणून एफडी मोडू का?'

पत्राच्या शेवटी जाता जाता दोन ओळी आहेत. 'बाकी गुंतवणूक चांगली चालू आहे. वर्षाला 1 लाख 20 हजारांची पॉलिसी आहे, चार हप्ते भरले. गेल्या वर्षी हप्त्याच्या वेळी जरा ओढाताण झाली म्हणून मंडळींचं सोनं पतसंस्थेत ठेवलं, ते सोडवायचं आहे.'

नमस्कार. गाडीचं सांगतो, पण आधी या दोन ओळींबद्दल बोलू, कारण तुमचं खरं नुकसान तिथे चाललंय.

पॉलिसीची कागदपत्रं तुम्ही सोबत जोडलीत हे बरं केलंत. मुदत 20 वर्षं, विमा रक्कम 12 लाख, शेवटी 'साधारण 40 लाख'. एफडीचं नूतनीकरण करायला बँकेत गेलात आणि टेबलापलीकडच्या माणसाने 'याच्यापेक्षा चांगलं काही दाखवतो' म्हणत हे हातात दिलं. ही गोष्ट मला दर महिन्याला कोणी ना कोणी सांगतं. फक्त गाव बदलतं.

20 वर्षं 1 लाख 20 हजार म्हणजे 24 लाख भरणार, 40 मिळणार. ऐकायला बरं वाटतं. परताव्याचा दर काढला तर पावणेपाच टक्क्यांच्याही आत. तुमची साधी एफडी याहून जास्त देते. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 20 वर्षं गेले असते तर 53 लाख झाले असते. आणि ते 40 लाखही पक्के नाहीत. तुमच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, एक 4 टक्क्यांचा, एक 8चा. दोन्ही नुसते गृहीत धरलेले दर. 40 हा आकडा 8च्या रकान्यातला आहे. 4च्या रकान्यावर त्या माणसाचा हात होता का हो?

आता सोन्याकडे या. 1 लाख 20 हजार, 12 टक्क्यांनी. वर्षाला 14,400 व्याज. म्हणजे पावणेपाच टक्के मिळवण्यासाठी तुम्ही 12 टक्क्यांनी पैसे उचललेत, तेही पत्नीचे दागिने ठेवून. याला तुम्ही 'बाकी गुंतवणूक चांगली' म्हणताय. एफडी मोडायची असेल तर ती यासाठी मोडा, उद्याच. व्याज धरून 1 लाख 35 हजारांपर्यंत काढा, सोनं घरी आणा.

मग प्रश्न उरतो, पॉलिसीचं काय करायचं. भरलेत 4 लाख 80 हजार. आज सोडली तर त्याच्या निम्मे, म्हणजे 2 लाख 40 हजारांच्या आसपास हाती येतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा, तोंडी नको. निम्मे पैसे गेले की पोटात कालवतं, मला कळतं. पण गेलेले पैसे सोडून पुढचं बघा. चालू ठेवलीत तर इथून पुढे सहा-सव्वासहा टक्के पडतील, आणि तेही तो 8चा रकाना खरा ठरला तर. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप, म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवायची म्हणाल तर 16 वर्षांनी विमा रकमेचा पाचवा हिस्सा, म्हणजे 2 लाख 40 हजारच, आणि आजवर जमलेला बोनस, सगळं मिळून साडेचार लाखांच्या घरात. त्याऐवजी सोडल्याचे 2 लाख 40 हजार आज घेऊन पीपीएफच्या दराने ठेवले तर 16 वर्षांत सात लाखांच्या पुढे जातात. माझं मत सरळ आहे : सोडा.

पण आज नाही! आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा साधा विमा, हातात येऊ दे, मग. तुमच्या घरात एकच पगार आहे, 14 लाखांचं कर्ज आहे आणि विमा आहे 12 लाखांचा. उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याचे पैसे कर्जालाही पुरणार नाहीत, मुलांची शिक्षणं तर लांबच. एक कोटीचं साधं टर्म कव्हर साठीपर्यंत घ्या. तुमच्या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजार पडतील. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. बीपीची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, ते अर्जातही लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. लपवलंत तर पैसे मागायची वेळ येईल तेव्हा तुम्ही उत्तर द्यायला नसाल. आरोग्यविमा फक्त कंपनीचा आहे, नोकरी सुटली की तोही सुटतो. कुटुंबाचा वेगळा काढा.

आता रोडकिंग.

दुप्पट पाच वर्षांत म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के. हे कुणी सांगितलं? ऑनलाइन जाहिरातीत कोणी तीन लाख लिहिलेत, म्हणून गाडी तीन लाखांना गेली असं होत नाही. मिस्त्रीचे 1 लाख 60 हजार हा इंजिन न उघडता सांगितलेला आकडा आहे. बारा वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकचं खरं दुखणं क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्यात असतं. तिथली ऑइल सील कडक होतात, कडेने हवा ओढली जाते, पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. म्हणजे सील, बेअरिंग, कनेक्टिंग रॉड सगळं आलं. पिस्टनचा ब्लॉक आधीच घासून घासून शेवटच्या मापापर्यंत मोठा केलेला असेल तर आतून नवीन स्लीव्ह, म्हणजे अस्तर. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला, त्यामुळे पार्ट मिळतात ते जुन्या साठ्यातले नाही तर नकली, आणि नकलीवरही 'ओरिजिनल' लिहिलेलं असतंच. दोन सायलेन्सरचं क्रोम वेगळं. दोन लाख दहा हजार धरून चाला.

वर वर्षाला देखभाल आणि विम्याचे आठ-नऊ हजार, पाच वर्षांचे 45. एकूण अडीच लाखांच्या वर गेले. तीन लाखांना गेली तरी एफडीपेक्षा कमीच सुटलं. आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर तुम्ही ती विकणार आहात का? पत्रात निम्मा मजकूर वडील तुम्हाला टाकीवर बसवून वाईच्या बाजाराला न्यायचे त्यावर आहे. नाही विकणार तुम्ही. मग गुंतवणूक कशाला म्हणायचं? हौस म्हणा. हौसेला माझी ना नाही. मी स्वतः कॉलेजात असताना एका सेकंडहँड आरएक्सच्या पायी एक पूर्ण उन्हाळी सुट्टी गॅरेजबाहेरच्या दगडावर काढली आहे, आणि त्या हिशोबाची वही मी कधी ठेवली नाही.

तुमच्यासाठी मात्र वही ठेवू. आधी कागद. आरसी अजून वडिलांच्या नावावर आहे, नोंदणी संपून वर्षं झाली. वारस म्हणून नावावर करायला फॉर्म 31, नूतनीकरणाला फॉर्म 25. 20 वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी आता 2,000 आहे, उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा, नवी नंबरप्लेट वेगळी. 'व्हिंटेज'मध्ये नोंदवू म्हणता, पण त्याला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं लागतात. म्हणजे 2034. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, हे रंगाला हात लावण्याआधी बघा. जुळत नसतील तर पुढचा रुपया घालू नका.

कागद झाले की इंजिन, साठ-पासष्ट हजारांपर्यंत. मग वायरिंग, ब्रेक, टायर. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. मिस्त्री उलट सांगेल, कारण टाकी चकचकीत झाली की मालक खुश होतो आणि अॅडव्हान्स सुटतो.

पैसे कुठून? सोनं सोडवून एफडीत साडेतीन लाखांच्या वर उरतील, पॉलिसीचे 2 लाख 40 हजार आले की सहाच्या पुढे. त्यातले तीन लाख अडीअडचणीला, हात लावायचा नाही. इंजिनाचा खर्च उरलेल्यातून करा, बाकीचे मुलांच्या नावाने पीपीएफमध्ये नाही तर इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात. दरवर्षीच्या 1 लाख 20 हजारांतून टर्मचे 25, आरोग्याचे 20, पन्नास गुंतवणुकीला आणि राहिलेले 25 गाडीला. या वेगाने रोडकिंग पूर्ण व्हायला सहा वर्षं लागतील. लागू देत.

आरएक्स 100 घेऊ नका. गॅरेज नाही, गिऱ्हाईक नाही, आणि त्या गाड्यांच्या कागदांत काय काय घोळ असतात ते ओळखायची नजरही नाही. हा धंदा आहे, तुमचा नाही.

ता. क. मध्ये लिहिलंय की गाडी झाली की मुलगा शिकेल. तो 15चा आहे. 250 सीसीला 18 पूर्ण लागतात. त्याआधी रस्त्यावर सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोवर त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला शिकवा. आरएक्ससारखा ऑइल पंप रोडकिंगला नाही. ऑइल न घालता एक टाकी भरली गेली की ते साठ हजारांचं इंजिन पुन्हा उघडावं लागेल.