गावी आईच्या फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात. प्लगची जाड पिन कापली तर चालेल का?

ताई, पिन कापू नका. आणि पुढचं वाचायच्या आधी आईंना फोन करून फ्रीजचं बटण बंद करायला सांगा. दूध-भाजी चार दिवस शेजारी ठेवता येईल.

तुम्ही लिहिलंय की गेवराईकडे गावात माळवदाचं जुनं घर आहे, दोन पिनचेच बोर्ड, म्हणून तीन पिनचा प्लग त्यात बसवायला कन्व्हर्टर लावलाय, तो सैल बसतो. ती लांब, जाड पिन अर्थिंगची, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवणारी. खोचताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणून लांब. ती फ्रीजच्या पत्र्याला जोडलेली असते. ती नसेल आणि आतली वायर घासून पत्र्याला लागली, तर करंटला जमिनीत उतरायला ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या आईंचीच वाट उरते. दोन पिनच्या कन्व्हर्टरनं आजही ती पिन निकामीच केलीय.

मी परभणीत वायरिंगची कामं करतो. मला सगळ्यात भीती वाटते ती एका जुगाडाची. सॉकेट थ्री-पिनचं बसवतात आणि आत वायरचा तुकडा टाकून अर्थ न्यूट्रलला, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरला, जोडून देतात. माझ्या मावशीकडे असंच होतं. वादळात खांबावरून येणारी न्यूट्रल तुटली, दिवे गेले, सगळ्यांना वाटलं लाईट गेली. पण बल्बचं बटण चालूच होतं. बल्बमधून फेजचा, म्हणजे आत येणाऱ्या वायरचा, करंट न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यातून थेट फ्रीजच्या दारावर आलेला. मावशीनं दार धरलं आणि फेकली गेली. हात चिकटला नाही म्हणून वाचली. नंतर सॉकेट मी उघडलं. जेमतेम दोन इंचाचा काळा तुकडा होता तो.

म्हणून वायरमनला मेन बंद करून सॉकेट तुमच्यासमोर उघडायला लावा. हिरवी वायर वेगळी निघून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेली डोळ्यांनी बघा. खड्डा मोरीचं पाणी मुरतं तिथं घ्या. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पाइपाला सोडते, मग कोळसा-मीठ घालूनही अर्थिंग नावापुरतीच राहते. उन्हाळ्यात तिथं बादलीभर पाणी ओतत जा.

एवढ्यावरही थांबू नका. खड्ड्याचा रोध 20 ओहम धरला तर 230 व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वाहतील, जास्त करंट गेला की आपोआप पडणारी 16 अँपिअरची एमसीबी पडणारच नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट गळला तरी लाईट तोडणारा स्विच, मेनजवळ बसवून घ्या. या सगळ्यात पैसा घालावा असं मला वाटतं ते इथंच.

फ्रीजला भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट द्या, एक्स्टेन्शन नको. स्टॅबिलायझर मागच्या पट्टीवर लिहिलेल्या व्होल्टेजपेक्षा गावाचं व्होल्टेज खाली जात असेल तरच. लाईट आली-गेली करत असेल तर बटण बंद करून पाच मिनिटांनी लावा.

सगळं झाल्यावरही झिणझिण्या आल्या किंवा आरसीसीबी पडत राहिली, तर दोष फ्रीजमध्ये किंवा वायरिंगमध्ये असू शकतो, मेकॅनिकला आणि वायरमनला बोलवा. आणि आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की ती पडली पाहिजे. महिन्यातून एकदा ते कसं दाबायचं, आईंना तुम्ही स्वतः दाखवून या.