"आणि स्वीकारलं तर?"

भाषाशिक्षणावरच्या, साक्षरतेवरच्या परिषदांची प्रस्ताव मागवणारी आवाहनं व्हॉट्सॲपवर फिरू लागली की माझ्याकडे शिक्षकांचे फोन सुरू होतात. सूर एकच: "ताई, पाठवावंसं वाटतं, पण तिथे आपलं काय काम?" वर्षानुवर्षं पोरांना वाचायला शिकवणारी ही माणसं तीनशे शब्दांच्या गोषवाऱ्यापुढे हात टेकतात. अशाच एका बाईंची ही हकिगत, ओळख बदलून आणि त्यांच्या परवानगीने.

धुळे जिल्ह्यातली जिल्हा परिषद शाळा, दुसरीचा वर्ग, घरी अहिराणी बोलणारी मुलं. बाईंनी मसुदा आणला होता. सुरुवातीला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, मग ५ जुलै २०२१ ला सुरू झालेलं पायाभूत साक्षरतेचं अभियान निपुण भारत, मग २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे उद्दिष्ट. सगळं बिनचूक, पण प्रस्ताव तपासणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. बाईंच्या वर्गातलं एकही मूल मात्र त्यात नव्हतं.

"नाकारलं तर काय होईल?" मी विचारलं.

"हसतील सगळे."

"सगळे म्हणजे?"

"शाळेतले सर. केंद्रप्रमुख."

"त्यांना कळवणार कोण?"

बाई जरा थांबल्या. "मीच सांगितलं तर!"

मी समुपदेशक आहे, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्ट माणसाला जास्त छळतो, हे त्याचं म्हणणं मला रोज पटतं. एकोणिसाव्या वर्षी हा लाजाळू मुलगा न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर अनोळखी मुलींशी बोलत राहिला. शंभरेक जणींशी बोलला, पदरात काहीच पडलं नाही, पण आभाळही कोसळलं नाही. हा किस्सा ऐकून बाई खळखळून हसल्या. नकाराची भीती बऱ्यापैकी उतरली. तरी प्रस्ताव काही जाईना. आज तपासणीच होती, उद्या नेटच नव्हतं.

इथे बरेच समुपदेशक पुन्हा नकाराचाच पाढा गिरवतात. मी उलटं विचारलं.

"आणि स्वीकारलं तर?"

बाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग उभं राहून बोलावं लागेल. समोर पीएच.डी.वाले. त्यांनी काही विचारलं आणि मला नाही आलं तर?"

खरी गाठ इथे होती. नकाराची भीती सांगायला सोपी, चारचौघांत शोभणारी. "मला सगळं आलंच पाहिजे" हा हट्ट तिच्या आड निवांत बसून होता. शिक्षकांमध्ये तो फार, कारण आपण त्यांना उत्तरं देणारी माणसं म्हणूनच वाढवतो.

"वर्गात पोरानं विचारलेलं आलं नाही, तर काय करता?"

"सांगते की, मला माहीत नाही, उद्या बघून सांगते."

"लाज वाटते?"

"पोरांपुढे कसली लाज!" असं म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या. "हेच तिथे बोलू?"

"अगदी असंच."

पुढच्या वेळी मसुद्याऐवजी एक वही आली. पहिलीत वर्षभर गप्प राहिलेल्या एका मुलाने चित्राखाली लिहिलं होतं: 'मन्ही माय वावरमा शे.' बाईंनी त्यावर लाल रेघ मारली नाही. ते फळ्यावर लिहिलं, शेजारी 'माझी आई शेतात आहे' लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून दोन्ही वाचून घेतलं. त्यानंतर तो मुलगा रोज लिहू लागला. मी म्हटलं, प्रस्ताव इथून सुरू होतो.

तुम्हीही घाबरून बसला असाल, तर आवाहन आधी नीट वाचा: विषय, शब्दमर्यादा, शेवटची तारीख. मग एकच प्रश्न धरा. वर्गात काय अडत होतं, तुम्ही काय केलं, काय बदललं आणि ते कशावरून म्हणता, एवढं सांगा. वह्यांची पानं, नोंदी, मुलांचं बोलणं हा पुरावाच आहे. जे जमलं नाही तेही लिहा, अनुभवी परीक्षक ते आधी शोधतो. मुलांची नावं बदला, पालकांची संमती घ्या. अनेक परिषदांमध्ये परीक्षकांना तुमचं नाव दिसतच नाही, तेव्हा पदव्या मोजत बसू नका. आणि बोलायचीच धास्ती असेल, तर आधी आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून घ्या. तिथला श्रोतृवृंद मोठमोठ्या सभागृहापेक्षा कडक असतो, हे माझं प्रामाणिक मत.

बाईंनी तेच केलं. एका सरांनी विचारलं, "अशाने प्रमाण मराठी मागे पडणार नाही का?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही सर, वर्षाअखेर वह्या घेऊन येते."

प्रस्ताव गेला. परीक्षकांनी शीर्षक छोटं करायला आणि मुलांची संख्या लिहायला सांगून तो परत पाठवलाय. बाईंचा परवा फोन आला. मी धीराचे चार शब्द जुळवून बसले होते, पण त्यांना विचारायचं होतं ते एवढंच, की पालकांचं संमतीपत्र अहिराणीत लिहिलं तर चालेल का.